मिलिंददादा खाली उतरला होता

माझ्या मिलिंददादाला दुश्मनानं मारलं न्हाई.

आज वरीस झालं. आता लिहितो.

गावात अजून फ्लेक्स हाय. "वीर जवान अमर रहे." मागं रणगाडा, त्यातून जाळ निघून राहिला. नायगावच्या डिझाइनवाल्या पोरानं नेटवरून काढलेला, कुठल्या देशाचा कुणास ठाऊक. दादा असता तर आधी त्याच्यावरच हसला असता.

दादा म्हणजे माझ्या मोठ्या बापाचा, थोरल्या चुलत्याचा पोरगा. फौजेत रणगाड्यावर होता. आधी ड्रायव्हर, मग गाडीचा कमांडर.

मी आठवी नापास. इथं मस्कतजवळ डोंगरात पोकलेन चालवतो. मशीनची आवड त्यानंच लावली.

फौजेत जायच्या आधी तो पाटलाच्या ट्रॅक्टरवर होता. मला शेजारी बसवायचा. पाऊस झाल्यावर काळ्या रानात गाडी घालायची असली की आधी खाली उतरायचा. चप्पल काढून चालायचा. टाच किती आत जाती ते बघायचा.

"वरून वाळलेलं दिसतंय की," मी म्हणायचो.

"रान डोळ्यानं कळत न्हाई रे येड्या. पाय ठेव."

आपल्याकडं सगळेच असं करतात. ज्यानं केलं न्हाई त्याचा ट्रॅक्टर चार दिवस रानात.

शेवटच्या सुट्टीला आला तेव्हा मोबाईल काढून मला समजावून सांगत होता. गाडीत नवीन स्क्रीन बसवली म्हणे. आपल्या सगळ्या गाड्या निळ्या ठिपक्यानं दिसतात. धूळ असू दे, धुकं असू दे. कोण कुठं हाय ते सगळ्याला कळतं.

मी म्हणलं, "मग तू बी दिसतूस का?"

"मी कशाला दिसतो? गाडी दिसती."

दोघं हसलो. तवा हसण्यासारखंच होतं ते.

तो गेल्यावर मोठीमायला, म्हणजे त्याच्या आईला, जो येईल तो एकच सांगायचा. देशासाठी गेला.

ती म्हणायची, "देशासाठी गेला ते मला ठावं हाय. कसा गेला ते इचारून राहिले मी."

कुणी सांगेना. कुणी म्हणे बॉम्ब पडला, कुणी म्हणे बॉर्डरवर. कुणालाच माहीत नव्हतं.

मग मला इथं फोन आला. मल्लू. बिदरकडचा पोरगा, दादाच्याच युनिटमधला. दादा त्याला आपल्याकडचाच समजायचा. दादाच्या तोंडून मी पण बरेचदा त्याचं नाव ऐकलं होतं.

"भाई, वो गाडी मैं चला रा था."

मला कळलंच न्हाई कोणती गाडी.

मग त्यानं सांगितलं. राजस्थानात सराव चालू होता. पुढं आटलेलं तळं. वरून कोरडं. दादानं आपली गाडी थांबवली. स्क्रीन रस्ता मोकळा दाखवत होती, तरी खाली उतरला. बूट काढून गाडीवर ठेवले. अनवाणी पुढं गेला, डाव्या अंगाला.

मागून मल्लूची गाडी आली. धुळीत काहीच दिसेना. त्याच्या कमांडरनं स्क्रीनवर बघितलं, दादाचा ठिपका उभा हाय. म्हणाला, लेफ्ट से निकाल.

दादाच्या गाडीचं इंजिन चालू होतं. त्याला दुसरा आवाज आला नसणार.

मी मल्लूला घाण शिव्या दिल्या. फोन कट केला. पंधरा दिवसांनी त्याचा परत फोन. परत शिव्या. तो ऐकून घ्यायचा.

चूक कुणाची, मी लई विचार केला. स्क्रीन बरोबर होती. मल्लूचा साहेब बरोबर. मल्लूनं ऑर्डर पाळली. दादानं तर बापजाद्यानं शिकवलं तेच केलं. सगळेच बरोबर आणि माणूस गेला. राग कुठं ठेवावा तेच कळंना.

मागच्या महिन्यात मल्लू म्हणाला, "बरसी को आऊं क्या? अम्मा के पाव पडना है."

मी म्हणलं नक्को. मग दोन दिवस झोप न्हाई. मोठीमाय वरीसभर विचारून राहिली आणि सांगणारा माणूस मीच अडवून धरलेला.

तिला फोन लावला. सगळं सांगितलं. बूट काढल्याचं बी.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येऊ दे त्याला. मला त्याचं तोंड बघायचंय."

तिच्या आवाजानं मला भ्या वाटलं.

आज गावात दादाच्या पुण्यतिथीला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं सुरू झाली. माझ्या धाकट्या भावानं मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मल्लू दाराजवळ बसलेला. पांढरा शर्ट, मान खाली. ताट पुढं, हात न्हाई लावलेला. लोक कुजबुजत होते.

मोठीमाय त्याच्यासमोर येऊन बसली.

"तुला दिसला न्हाई?"

"नहीं दिखा अम्मा."

"त्या टीव्हीत बी न्हाई?"

"उसमें गाडीच दिखती अम्मा. आदमी नहीं दिखता."

तिनं पदर नीट केला.

"आमी बैलाच्या गळ्यात बी घंटी बांधतोत बाबा. सांग तुझ्या सायबाला."

मल्लू रडायला लागला. घरातलं कुणी उठलं न्हाई. तिनं ताट त्याच्या अजून जवळ सरकवलं.

"जेव. पोटभर जेवून जा."

मला वाटलं माफ केलं.

मग म्हणाली, "अन् परत येऊ नको. माझ्यानं दुसऱ्यांदा बघवणार न्हाई."

त्यानं मान हलवली. खाली बघून जेवला. सगळं संपवलं.

वरीसभर शिव्या दिल्या त्याला. आज पहिल्यांदा त्याची कीव आली. संध्याकाळी मीच फोन लावला. गाडीत होता, देगलूरच्या पुढं. पोचल्यावर सांग, एवढंच म्हणलो.

मोठीमाय आज झोपली म्हणे. वरीसभरात पहिल्यांदा, गोळीशिवाय.

दादा, कंपनीनं सुट्टी दिली न्हाई. इथूनच हात जोडतो.

मिलिंददादास त्याच्या धाकट्याकडून आदरांजली.

जय भीम.