हरणांना बोलावणारे तात्या

तात्या पिकाकडे पाठ करून कधी उभेच राहायचे नाहीत. अर्धा जन्म दापोलीकडच्या डोंगरात रानडुकरं नि भेकरं हाकलण्यात गेलेला, त्यामुळे नजर सारखी शेताच्या कडेला. आणि नशीब बघा, या माणसाला अबुधाबीच्या वाळवंटात नोकरी मिळाली ती हरणांना बोलावण्याची. अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, फार्मवर कुंपणाच्या आत मोकळी हरणं होती. हिवाळ्यात पाहुणे आले की मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, काचेसमोर ती चरताना दिसली पाहिजेत, म्हणून तात्यांनी तिथे मोहरी नि सलगम पेरायचं. विकायचं नाही, काही नाही, हरणांनी खायचं. "गावात कळलं तर वेड्यात काढतील मला," तात्या म्हणायचे.

मी तेव्हा अबुधाबीतल्याच मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो आणि फार्मवरचं ठिबक दुरुस्त करायला जायचो. तासाभराचं काम मी खुशाल दुपारपर्यंत लांबवायचो, मराठी बोलायला मिळायचं ना. तात्या वाफ्यातला कोवळा पाला खुडून लसणाच्या फोडणीची भाजी करायचे. "हरणांच्या ताटातलं आहे, सांडू नकोस," असं दर वेळी बजावायचे.

त्यांना एकच हवं होतं, कायमचं घरी जायला. मूलबाळ नव्हतं, वहिनी गावी एकट्या. त्या फोनवर विचारायच्या, "येताय ना?" आणि हे म्हणायचे, "इन्शाल्ला." "माझ्याशी कसलं इन्शाल्ला बोलता?" म्हणून वहिनी एकदा जाम भडकल्या होत्या. हे तात्यांनीच मला हसत सांगितलं.

अरबाब वाईट असता तर बरं झालं असतं. भांडून निघता आलं असतं. पासपोर्टसुद्धा तात्यांच्याच पेटीत होता. पण अरबाब पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "हबीबी, बस ये सीझन." सीझन सरला की पुढच्या पेरणीची तयारी. बदली माणसं आणून बघितली, पण हरणं त्यांच्या जवळपास फिरकायची नाहीत. एकदा माझी मुलगी सोबत आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "डॅड, व्हाय डझन्ट ही जस्ट लीव्ह?" मला तिचाच राग आला.

मग एका हिवाळ्यात तात्यांनीच शक्कल लढवली. हरणं आलीच नाहीत, तर आपल्याला ठेवतंय कोण? पाहुणे यायच्या दिवशी त्यांनी गावच्या पद्धतीने मोहरीत बुजगावणं उभं केलं. दोन काठ्या, डोक्याला पालथी बादली, आणि अंगात स्वतःचा जुना सदरा. संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी उभा होतो. हरणं आली, थबकली, नाकं वर केली आणि सरळ बुजगावण्यापाशी जाऊन चरायला लागली. एकाने तर बाही चघळायला घेतली. बुजगावणं कसलं, सदऱ्याला तात्यांच्याच घामाचा वास. काचेआड पाहुणे खूश, सगळ्यांचे मोबाइल वर. अरबाबने येऊन तात्यांना मिठीच मारली. "खलास, तुमको अब किधर नहीं भेजेगा." तात्या हसले. तसलं हसू मला पुन्हा कुणाच्या तोंडावर बघायचं नाही.

पुढे माझी बदली दुबईला झाली. निरोप घ्यायला गेलो, तर तात्या नव्या पेरणीसाठी वाफे उकरत बसलेले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सोडा ते फावडं. तिकीट मी काढतो, आज चला."

"अरे, हरणांना सवय झालीय माझी."

"आणि वहिनींना?"

तात्यांनी हाताची माती झटकली.

"तिलाही झालीय," ते म्हणाले. "माझ्याशिवाय राहायची."