कंपनी बदलली, औषध तेच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? माहीत नाही.

तीर्थपुरीत आमचं मेडिकल आहे. फार्मसी शिकलेली मी, म्हणून काउंटरवर मीच. मोठ्या जाऊबाईंना ते खुपायचं. मला मूल नाही – तर त्यांच्या लेकीच्या साखरपुड्यात ओटी भरायला मी पुढे होऊ नये, असं त्यांनी चारचौघींत बजावलं. मी हसले.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यांचा घसा धरला. आता औषधाचं सांगते, ते सोपं आहे. डॉक्टर घशाला बहुधा दोनपैकी एक लिहितात. अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा. पोट थोडं बिघडतं, पण ज्यांना सोसत नाही त्यांच्या अंगावर गांधी उठतात, तोंड सुजतं, कधी श्वास अडकतो. अझिथ्रोमायसिन दिवसातून एकच. मळमळतं, हृदयाचा त्रास असेल तर जपून. जाऊबाईंना पहिलं सोसत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं हे लक्षात ठेवायचं काम त्यांनी माझ्यावरच टाकलेलं. त्यांना वाचता येत नाही, त्या औषध रंगा-आकारावरून ओळखायच्या.

हात चुकीच्या खोक्यात गेला, असं म्हणू? नाही – मला हव्या त्याच खोक्यात गेला.

पुडीतल्या कॅप्सूल बघून त्या म्हणाल्या, “मागच्या टायमाला गोळी व्हती. हे बराबर हाय ना?”

“कंपनी बदलली ताई, औषध तेच.”

हे वाक्य आम्ही रोज बोलतो, आणि ते खरं असतं. तोंड सुजावं, एक दिवस घरात बसाव्यात – एवढंच हवं होतं मला. एवढंच? श्वास अडकतो हे मला ठाऊक नव्हतं? होतं.

संध्याकाळी त्यांचा श्वास अडकला, जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. इकडे मी त्यांच्या घरी जाऊन पुडीतल्या कॅप्सूल काढल्या आणि अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घातल्या. मग सगळ्यांना पुडी दाखवली – मी तर ह्याच दिल्या होत्या, ताईंनी डब्यातलं जुनं काही घेतलं असेल. मोठे दीर त्यांना खाटेपाशी अडाणी म्हणाले. त्या रडल्या. मला बरं वाटलं.

पाहुणे आलेले, म्हणून ताईंविनाच साखरपुडा उरकला. ओटी मी भरली.

आता त्या मला दाखवल्याशिवाय एकही गोळी घेत नाहीत. परवाही आल्या होत्या. “मला काय कळतंय, तूच बघ,” म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी गोळी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हटलं, घ्या.