शेजारच्या खुर्चीतली बातमी

सकाळच्या बातम्यांना मी बसायला लागले ते योगायोगानेच. नवऱ्याला चंदीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही अकोल्याहून तिकडे गेलो. माझं हिंदीत एम.ए. झालेलं होतं. टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमाला हिंदी बातम्या वाचणारी बाई हवी होती, कारण आधीची घरच्यांच्या आग्रहाने सोडून गेली होती. पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस होते. बायकांनी पडद्यावर यावं का, आल्या तर डोकं झाकून यावं का, यावरून कोणीतरी फोन करून धमकावायचं. नवरा एवढंच म्हणाला, "तुला करायचंय ना? मग कर. घरचा फोन मात्र मी उचलत जाईन."

अंधार असतानाच जीप न्यायला यायची. वाटेत माझे सहनिवेदक चढायचे. पन्नाशीचे सरदारजी, पंजाबी बातम्या वाचायचे. सगळे त्यांना 'भाजी' म्हणायचे, म्हणजे मोठा भाऊ. माझ्या आईने फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, भल्या माणसाला भाजी काय म्हणतेस?"

रोज नाक्यावर जीप थांबायची आणि शिपाई त्यांना एकट्यालाच खाली उतरवायचे. हात वर, अंग चाचपणं, पिशवीतला पराठ्यांचा डबासुद्धा उघडून बघणं. भाजी परत येऊन बसायचे आणि धुक्यावर बोलायला लागायचे. एकदा मीही उतरायला लागले तर म्हणाले, "बैठो बहनजी, बाहर ठंड है."

खरं सांगायचं तर त्या काळात मी एका जागी नीट बसलेच नाही. बसवरच्या हल्ल्याची बातमी वाचताना आपली मुलगी आता शाळेच्या बसमध्ये चढत असेल, हे डोक्यात असायचं. चेहरा शांत आणि पदर नीटनेटका ठेवून मी ते वाचायची. घरी आल्यावर धुतलेले कप पुन्हा धुवायची.

त्या दिवशी किन्नूच्या, म्हणजे तिकडच्या संत्र्यांच्या, बागांवरची एक छोटी फिल्म चालू होती. तेवढा वेळ कॅमेरा आमच्यावर नव्हता. प्रॉडक्शनमधली मुलगी वाकून आत आली आणि माझ्यापुढे एक ताजा कागद ठेवून गेली. आदल्या संध्याकाळी बंदूकधाऱ्यांनी एका गावातल्या पिठाच्या गिरणीवर गोळीबार केला होता. काही ठार, काही जखमी, कोणाची नावं नाहीत. गाव लुधियान्याकडचं. नाव मी पुन्हा वाचलं. ते भाजींचं गाव होतं. त्यांची आई तिथे एकटी राहायची. तिने पाठवलेला गूळ माझ्या घरात होता.

बातमी हिंदीतली, म्हणजे मीच वाचायची. फिल्म संपत आली होती. त्यांना न सांगता वाचली असती तर शेजारी बसून त्यांनी ती माझ्या तोंडून, सगळ्या पंजाबच्या देखत ऐकली असती. मी कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो वाचला. मान वर केली नाही. "ये मैं पढूंगा," ते हळूच म्हणाले.

"भाजी, रहने दीजिए, मैं पढ़ लूंगी."

"आप गाँव का नाम ग़लत बोलेंगी."

लाल दिवा लागला. त्यांनी बातमी वाचली, एकही शब्द न अडखळता. गावाचं नाव त्यांच्या तोंडून वेगळंच ऐकू आलं, मधल्या अक्षरावर आवाज किंचित खाली उतरला. टेबलाखाली त्यांचा गुडघा सारखा माझ्या खुर्चीवर आपटत होता. पुढची पंजाबी बातमीही त्यांनीच वाचली, बाजारभावांची.

कार्यक्रम संपताच ते फोनकडे धावले. गावाला फोन लागेना. मी हॉस्पिटलमध्ये नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "थांब, कॅज्युअल्टीत जाऊन बघतो." मी रिसीव्हर धरून उभी होते, भाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने नवरा परत आला. "त्या गावचा एक जखमी पहाटे इथे आणलाय. शुद्धीवर आहे. तुम्ही या."

हॉस्पिटलच्या फाटकावरही भाजींना झडतीसाठी बाजूला घेतलंच. मी तिथेच थांबले. पोलिस मला आत जा म्हणाला, तरी हलले नाही.

जखमी माणूस त्यांच्या शेजारच्या घरातला निघाला. तो भाजींचा हात धरून म्हणाला, "बीजी ठीक ने." आई ठीक होती. गिरणी मात्र भाजींच्या चुलतभावाची होती. दोघं एका ताटात जेवून वाढले होते. तो गेला होता. भाजी खाटेच्या कडेवर बसले आणि पगडीला हात लावून तसेच राहिले. नवऱ्याने मला बाहेर नेलं.

ते गावाला गेले. शेजारच्या खुर्चीत रोज वेगळा माणूस बसवत होते, आणि मी रोज येणारा कागद आधी घाईघाईने चाळायची, त्यात ओळखीचं काही आहे का ते बघायला.

भाजी परत आले ते आईला घेऊनच. मी भेटायला गेले. बीजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि अर्ध्या हिंदीत विचारलं, "तू इसके पास बैठती है ना? मैंने टीवी पे देखा. घर में भाई पड़ा है और ये ऐसे पढ़ रहा है, जैसे किसी और का गाँव हो. इसको कुछ हुआ नहीं?"

भाजी खिडकीपाशी उभे होते, पाठमोरे.

"त्यांना माहीत नव्हतं कोण गेलं ते," मी हिंदीत सांगितलं. "आणि बीजी, टीव्हीवर फक्त वरचं दिसतं. खाली त्यांचा पाय इतका थरथरत होता की माझी खुर्ची हलत होती."

बीजी मुलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इधर आ, बैठ." पन्नाशीचा तो माणूस आईशेजारी जाऊन बसला आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडला. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

सकाळच्या कार्यक्रमाला ते पुन्हा आले नाहीत. दुपारी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलायचं काम त्यांनी मागून घेतलं. मी वाचत राहिले, नवऱ्याची नोकरी पुण्याला लागेपर्यंत. अजूनही सकाळच्या बातम्या मला बसून बघता येत नाहीत. घरातले म्हणतात, बस की जरा. मी उभीच असते, निवेदिकेच्या खांद्यांकडे बघत.