पास राहू द्या

धारच्या आमच्या कर सल्लागाराने मला नऊ वर्षं फसवलं. मी माझ्या बायकोला फसवलं, तेही नऊ वर्षंच. माझं मी कबूल करतो. त्याने त्याचं अजून केलेलं नाही.

मी मोटर वाइंडिंगचा माणूस. कुक्षीला शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरता भरता काम शिकलो. पुढे देवासच्या एका कारखान्यात मोटरींच्या देखभालीचा ठेका मिळाला. नोकर नव्हतो, ठेकेदार होतो, आणि हा फरक मी समोरच्याला लगेच ऐकवायचो. राहायचो मात्र धारला, स्वतः बांधलेल्या दोन खोल्यांत. सकाळी उजाडायच्या आत बसने इंदूर, तिथून रेल्वेने देवास. रेल्वेचा महिन्याचा पास होता. बसवाल्याशी घासाघीस करून महिन्याची रक्कम ठरवली होती आणि तिची सहीची पावती घ्यायचो. तो इंदुरी ढंगात म्हणायचा, "भिया, बस में बैठते हो कि बस खरीदते हो?"

बायकोचं माहेर देवासचं. टेकडीच्या पायथ्याशी तिचं बालपण गेलं, बहीण अजून तिथेच. ठेका मिळाला त्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, आता तिकडेच एखादी खोली बघू या. हे घर भाड्याने देऊन टाका."

मी हिशेब मांडून दाखवला. खोलीचं भाडं खिशातून जाईल. पासचा खर्च मात्र धंद्याचा खर्च, तो करातून वजा होतो. म्हणजे प्रवास निम्मा फुकट.

"आणि तुमचे पाच तास?" तिने विचारलं.

"त्यांचा पास नसतो," मी म्हणालो. मला वाटलं, मी फार हजरजबाबी आहे.

आता त्या सल्लागाराबद्दल. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे, वकील तो नव्हता. माणूस माळवी, पण मराठी घरांची विवरणपत्रं भरून भरून मराठी बोलायला शिकलेला, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. पहिल्या वर्षी मी पास आणि पावत्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने वरवर पाहिलं आणि म्हणाला, "पास राहू द्या."

मी उचलून घरी आणले आणि बायकोला सांगितलं, वकीलसाहेबांनी जपून ठेवायला सांगितलेत, चौकशी आली तर दाखवावे लागतील. तिने चकलीचा रिकामा डबा पुसला, बारा महिन्यांचे पास आणि पावत्या एकावर एक ठेवून सुई-दोऱ्याने टाका घातला. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा विचारलं, "साहेब, पास?" त्याने मान वर न करता म्हटलं, "राहू द्या, राहू द्या." डब्यात आणखी एक गठ्ठा शिवला गेला.

दरवर्षी एकदा ती खोलीचा विषय काढायची. बहिणीच्या शेजारी जागा रिकामी झाली आहे, गॅलरीतून टेकडी दिसते. मी म्हणायचो, "राहू दे." यातला "राहू दे" तिला बरोबर समजायचा. पुन्हा वर्षभर बोलायची नाही.

संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा तिचं जेवण झालेलं नसायचं. मी सांगून पाहिलं, तू जेवून घेत जा. ती म्हणायची, एकटीला घास उतरत नाही. मी थकून ताटावरच डुलक्या घ्यायचो. बोलायचं काय राहिलं ते रविवारी, आणि रविवारी मी देण्याघेण्याची माणसं भेटायला जायचो.

आठव्या वर्षी तिला दम लागायला लागला. हृदयाचं दुखणं निघालं. नवव्या वर्षी तिला धारच्या दवाखान्यात ठेवलं. एका सकाळी तिथूनच कामावर निघताना मी म्हणालो, "या महिन्यात तुझ्या बहिणीला सांगून जागा बघतो. टेकडी दिसणारी."

ती म्हणाली, "राहू द्या आता."

त्याच दुपारी शेजारणीचा फोन आला, लवकर या. देवासहून गाडीत बसलो. मध्येच टीसी आला. मी फोन कानाला लावून होतो, त्याने पास मागितला, मी खिशातून काढून दाखवला. त्याने तारीख नीट वाचली. धारला पोहोचलो तेव्हा ती नव्हती.

ठेका मी सोडून दिला. शेवटचं विवरणपत्र भरायचं होतं आणि वकीलसाहेब मुलीकडे गेले होते, म्हणून इंदूरला एका सीएकडे गेलो. तिशीतली मुलगी, आमच्यातलीच, पण मराठी वाचता येत नाही म्हणाली. तिच्यासमोर मी चकलीचा डबा उघडला. जुन्या पासांवरची शाई उडाली होती, टाके मात्र घट्ट होते. तिने माझी आधीची सगळी विवरणपत्रं कॉम्प्युटरवर पाहिली.

"काका, हे कधी लावलेच नाहीत."

"म्हणजे?"

"तुमचं विवरणपत्र ठोक पद्धतीचं आहे. जमा झालेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा नफा धरायचा. सगळा खर्च त्यातच आला. वेगळा पास दाखवता येत नाही. आणि तसंही, घरून रोजच्या कामाच्या जागी जाणं हा धंद्याचा खर्च धरत नाहीत. तो तुमचा स्वतःचा."

"मग मी नऊ वर्षं बुडालो की."

"नाही, काका. या पद्धतीत तुम्हाला कर कमीच पडला. त्यांनी तुमचं काम नीट केलंय. पैशात काही नुकसान नाही."

आयुष्यभर मी पैशात नुकसान नाही एवढंच ऐकायला धडपडलो. त्या दिवशी ते ऐकलं, आणि डब्यातले गठ्ठे पुन्हा मोजत बसलो. पास वजा होत नव्हता, तर मी रोज पाच तास कशासाठी देत होतो? तिला मांडून दाखवलेला हिशेब पहिल्या दिवसापासून खोटा होता.

वकीलसाहेब परतल्यावर मी डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. आवाज चढला, बाहेर बसलेली दोन माणसं उठून गेली.

"मैंने तो पहले साल ही बोला था," तो म्हणाला. "पास राहू द्या. मतलब रहने दो. इसकी ज़रूरत नहीं."

"राहू द्या म्हणजे ठेवा."

"अरे भिया, आप खुद बाज़ार में क्या बोलते हो? भाव नहीं जमा तो राहू द्या बोलके उठते हो कि नहीं?"

उठतो. तांब्याच्या तारेचा भाव जमला नाही की मी हेच दोन शब्द टाकून दुकानाची पायरी उतरतो. तो शब्द माझ्याइतका कोणी वापरला नसेल. पण त्याच्या टेबलावर मला हवा होता तोच अर्थ मी उचलला, आणि त्याने नऊ वर्षांत एकदा तोंड वर करून पाहिलं नाही की हा माणूस कागद परत का नेतोय.

दवाखान्यात ती म्हणाली त्याचा अर्थ कोणता, हे मी तिला विचारलं नाही. आता नको, एवढंच असेल. किंवा इथेच राहू द्या. किंवा सगळंच सोडा आता. गाडी चुकेल म्हणून मी निघालो होतो.

डबा मी त्याच्या टेबलावर ठेवून आलो आहे. त्याने दोनदा माणसाबरोबर परत पाठवला, मी दोनदा नेऊन ठेवला. मला पैसे नकोत, माफीही नको. त्याने तो शेवटचा, टाका न पडलेला गठ्ठा हातात घ्यावा आणि माझ्याकडे बघून माझं एवढं ऐकावं: साहेब, दरवर्षी मी तुमच्यासमोर उभा होतो, तेव्हा "हे लागत नाहीत, घरी जा" एवढं सरळ वाक्य तुमच्या तोंडून का निघालं नाही? याचं उत्तर द्या.