बर्फाआधीची तालीम

एप्रिलचं ऊन असं, की दुपारी अंगणातल्या नळाला हात लावायची सोय नव्हती. आणि आम्ही सोलापुरात स्वेटर शोधत हिंडत होतो. मे महिन्यात मनालीला जाऊन बर्फात खेळायचं, असं मी, बायको आणि सहावीतल्या लेकीनं ठरवलं होतं. माळ्यावरचा स्वेटरांचा गठ्ठा खाली काढताना दुकानदारानं आमच्याकडं असं बघितलं, की बायकोला हसू आवरेना.

आईला विचारायचं राहिलं होतं. ती वळसंगला राहते, एकटीच. घरी येऊन फोन लावला.

"मी? बर्फात? आन म्हशीची धार कोण काढंल? न्हाय बाबा, तुमी जावा."

लेकीनं फोन हिसकावला. "आज्जी, तिथं घसरगुंडी असते. बसायचं आणि सुर्रकन खाली!"

पलीकडून आईचा आवाज आला, "पडलं तर लागत न्हाय व्हय गं?"

त्याच आठवड्यात सकाळच्या एसटीनं आई दारात हजर. म्हैस चुलतीकडं सोपवून आणि गुडघे डॉक्टरला दाखवून आली होती. आता अडचण एकच होती. "लुगडं नेसून घसरायचं कसं?"

बायकोनं आपली ट्रॅक पँट आणि लांब कुर्ता काढून दिला. आईनं खोलीचं दार लावून घेतलं. बराच वेळ आतून फक्त बांगड्यांचा आवाज. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर ते कपडे, वर माझा स्वेटर आणि डोक्याला कानटोपी. पदर सारखा करायला हात वर गेला आणि तसाच थांबला. जन्मात मी तिला लुगड्याशिवाय बघितलं नव्हतं.

ती आरशासमोर उभी राहिली. मग हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत ढांगा टाकत गेली. "पाय लईच मोकळं वाटाय लागलं की!"

आमच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचतो. लेकीनं तो चमच्यानं खरवडून गोळा केला आणि आज्जीला नेम धरून मारला. आई दचकली. तिनं स्वतःच फ्रीज उघडला, मूठभर बर्फ ओरबाडला आणि तो थेट माझ्या मानेवर! मी ओरडलो, लेक टाळ्या पिटत नाचली. फरशीवर पाणीच पाणी झालं, तरी कुणी थांबायला तयार नव्हतं.

संध्याकाळी तिकिटं काढायला बसलो. आई शेजारी खुर्ची ओढून मोबाईलमध्ये डोकावत होती. मी चौघांची नावं भरत होतो. एकदम तिनं माझा हात धरला.

"थांब. करकंबला फोन लाव."

करकंबला मावशी असते, आईची धाकटी बहीण. मी फोन लावून आईच्या हातात दिला.

"ऐकतीस का? बर्फात खेळायला जायचं हाय. येतीस?"

कुठं, कधी, कुणाबरोबर, मावशीनं काहीच विचारलं नाही. तिचं "व्हय!" आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.