आमदारांचं बोट

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत मी शेजारच्या शेवंताबाईंसोबत बसले होते. त्यांचा मुलगा पोलीस कोठडीत मेला, आणि खाली विरोधी पक्षाचे आमदार पीडितांच्या हक्कांवर बोलत होते. "न्याय मागणारी ती माउली आज इथे बसली आहे!" असं गरजून त्यांनी बोट वर केलं आणि नेमकं माझ्यावर रोखलं.

कारण पांढरी साडी माझी होती. मला पांढरं आवडतं, एवढंच. शेवंताबाई मोठ्या ठिकाणी जायचं म्हणून ठेवणीतली मोरपंखी नेसून आल्या होत्या. त्या दोनदा यांच्या बंगल्यावर अर्ज घेऊन गेल्या, तेव्हा साहेबांनी मान वर करून पाहिलं असतं तर! ज्या बाईचं तोंडही बघितलं नाही, तिच्या नावानं यांना गहिवर येतोच कसा? आणि दुःखसुद्धा यांना यांच्या पसंतीच्या कपड्यांत हवं.

चूक सांगायला मी उठणार, तोच शेवंताबाईंनी माझा हात दाबला.

"बसा ताई, हात जोडा त्यांना. माझ्या पोराचं नाव अजून घेतलं नाही त्यांनी. मधेच थांबले तर राहून जाईल."

मी हात जोडले. टाळ्या पडल्या, आमदार खाली बसले. नाव राहूनच गेलं.