गोल्फच्या मैदानावरचा शेंदरी दगड

आमच्या नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर काल जे पाहिलं, त्याने माझ्या हातातला चहा जागच्या जागी गार झाला. मैदान एवढं मोठं, की या टोकाला मारलेला चेंडू त्या टोकाला पोहोचेपर्यंत म्हातारा होतो. खेळणाऱ्यांना अंतर कळावं म्हणून माळ्याने कॅन्टीनशेजारचा एक दगड शेंदरी रंगवला होता. रंग वाळायच्या आत कुणीतरी त्याच्यापुढे नारळ फोडला.

कॅन्टीनवाले सदाभाऊ बिअरच्या परवान्याकडे डोळे लावून बसलेले. नुसत्या भज्यांवर धंदा चालेना, कुलूप लावायची वेळ आलेली. काल अबकारी खात्याचे साहेब जागा बघायला आले. देवस्थानाजवळ दारूला परवानगी नसते. साहेबांनी आधी बूट काढले, दगडाला हात जोडले आणि मग कॅन्टीनपर्यंत मोजायला टेप सोडली.

"साहेब, ती अंतराची खूण आहे हो," सदाभाऊ म्हणाले.

"होती. आता तिला घंटा बांधलीय."

"साधा दगड आहे."

"मग उचला आणि ठेवा पलीकडे. मी तोंड फिरवतो."

सदाभाऊ वाकले, हात पुढे केला आणि तसेच थिजले. मी हबकलो. बाटलीला किती सह्या लागतात, आणि देव व्हायला नुसता एक ब्रश पुरतो!

साहेब गेल्यावर सदाभाऊंनी आतून नारळ आणला आणि चपला काढल्या.

"आता काय मागताय?" मी विचारलं.

"परवाना," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.